मानाप्रमाणे लाईट

पूर ओसरला की माणसं दोनच गोष्टी विचारतात. घर उभं आहे का, आणि लाईट कधी येणार? पहिल्याचं उत्तर ज्याचं त्याला डोळ्यानं दिसतं. दुसऱ्याचं उत्तर सांगलीच्या कचेरीत भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून मी द्यायचं असतं, अशी माझ्या सगळ्या नातेवाइकांची समजूत आहे. मी वीजपुरवठ्याच्या कामात इंजिनियर आहे. पुरानंतर कोणती वाहिनी आधी उभी करायची, कुठं किती खांब आणि किती माणसं पाठवायची, याचा आराखडा करणं हे माझं काम. माझा नवरा म्हणतो, "तू ठरवतेस आणि दुसरे चिखलात उतरतात." तो सैन्यात आहे, सध्या राजस्थानात. तिथं बसून पुराची चेष्टा करणं फार सोपं असतं.

लोकांना वाटतं, लाईट म्हणजे एस.टी. हात केला की थांबेल, आणि कंडक्टर ओळखीचा असला तर स्टॉप नसतानाही थांबेल. त्यातून घरातलीच बाई कंडक्टर म्हटल्यावर विचारायलाच नको. पण वाहिनी उपकेंद्रातून निघते आणि एकामागून एक गाव घेत जाते. मधला एक खांब पाण्यात आडवा असला की पुढची सगळी गावं अंधारात. आणि माझं सासर आहे वाहिनीच्या अगदी शेपटाला. त्याच्या पुढं फक्त कृष्णा आणि कृष्णेतल्या मगरी, आणि मगरींनी वीजजोडणीसाठी अजून अर्ज केलेला नाही.

आराखडा करताना क्रम ठरलेला असतो. आधी दवाखाने, मग पिण्याच्या पाण्याच्या योजना, मग जवळच्या गावाकडून लांबच्या गावाकडे. मिरजेत तर पावलापावलावर दवाखाना, त्यामुळं सुरुवातच लांबते. हे सगळं नकाशावर रेघा मारून दाखवायला सोपं असतं, अवघड असतं ते फोन उचलणं. मला रोज सकाळी दोन फोन यायचे. एक सासूबाईंचा, एक आईचा, आणि दोन्ही एकाच घरातून.

सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणायची पद्धत आहे. पाणी वाढायला लागलं तेव्हा मी आत्यांना गाडीत घालून थेट रहिमतपूरला माझ्या माहेरी नेऊन सोडलं. सांगलीतला माझा फ्लॅट खालच्या मजल्यावर, तो स्वतःच पाण्याची वाट बघत होता. आत्या यायला तयार नव्हत्या. विहिणीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून जावं, आसऱ्याला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, चार दिवसच आहेत. आठवड्यामागून आठवडा गेला, तरी मी चारच दिवस म्हणत राहिले.

माझी आई मानपानाला पक्की. मुलाची आई घरी आली म्हटल्यावर तिनं आत्यांना पंख्याखालची कॉट दिली, सकाळ-संध्याकाळ गोडाचं केलं आणि कामाला म्हणून हात लावू दिला नाही. आता आत्या म्हणजे पहाटे उठून दोन म्हशींची धार काढणारी बाई. त्यांना कॉटवर बसवणं म्हणजे बैलाला सोफ्यावर बसवण्यातला प्रकार. आई गच्चीवर जाऊन हळू आवाजात मला सांगायची, "तुझ्या सासूनं आज सगळी भांडी परत घासली गं. मी घासलेली!" तासाभरानं परसातून आत्यांचा फोन यायचा. "तुजी आई लय चांगली हाय, पर मला कशाला म्हून हात लावू दीना. माजं हात बग, कसं मऊ पडल्यात, कुनी बगितलं तर लाज वाटंल." फोनवरून मी हात कसे बघणार होते, कोण जाणे. मग दोघींच्याही बोलण्याचा शेवट ठरलेला असायचा. "लाईट कवा येनार?"

मी आधी थट्टेवारी नेलं. म्हटलं, "आत्या, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा गावात लाईट कुठं होती?"

"तवा आड व्हता," आत्या म्हणाल्या. "आता आडात गाळ हाय. लाईट न्हाई तर मोटर न्हाई. मोटर न्हाई तर पानी न्हाई. आन् घरात ढोपरभर गाळ. गौर कुठं आनून बसवू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांचं मोजणं वेगळं चाललं आहे. गौरी-गणपती तोंडावर आले होते. यापूर्वीच्या मोठ्या पुरात आम्ही छावणीत होतो. एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर तीन गावं झोपली होती. त्या वर्षी आमच्या घरी गौर आली नाही. आत्या नवी नवरी म्हणून आल्यापासून पहिल्यांदाच आली नाही. आणि त्याच थंडीत माझे सासरे गेले, हसत्या-बोलत्या माणसाला छातीत कळ काय आली आणि संपलं काय. आत्यांनी या दोन गोष्टी कधी जोडून बोलून दाखवल्या नाहीत. पण त्यांचा एकुलता एक मुलगा सीमेवर आहे, आणि त्या वर्षीपासून गौर म्हटलं की त्यांचा आवाज वेगळा लागतो. यंदा गौर आपल्याच घरात, आपल्याच उंबऱ्यावरून आत आली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. मी शिकलेली आहे, पुराचा आणि हृदयविकाराचा संबंध नसतो हे मला कळतं. तरीही त्या परसातून बोलत होत्या तेव्हा मी गौरीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

दिवस मोजले म्हणून नकाशा बदलत नाही. कचेरीत माझे साहेब एकदा नकाशासमोर उभे राहिले आणि शेवटच्या टिंबावर बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचं सासर ना?" आवाजात शंका होती की सहानुभूती, ते मला आजवर कळलेलं नाही. मी म्हटलं, "हो. म्हणून तर शेवटी आहे." ते हसले. खरं तर ते शेवटी होतं कारण तार तिथं संपत होती. पण सासरचा सूड उगवते आहे असं लोकांना वाटलेलं बरं, फायदा करून देते आहे असं वाटण्यापेक्षा.

आमच्या मदतीला पाटणकडून एक टोळी आली होती. सगळी डोंगरातली माणसं, कड्यावर खांब चढवायची सवय असलेली. इथली सपाट काळी जमीन बघून ती आधी खूश झाली. मग पाय आत गेला, तो बूट तिथंच ठेवून वर आला, तेव्हा त्यांना कळलं की सपाटीलाही स्वभाव असतो. त्यांच्या मुकादमाला घेऊन मी गावात गेले तो दिवस मला चांगला आठवतो. सून म्हणून गावात शिरताना मी डोक्यावर पदर घेते. त्या दिवशी अंगात पँट-शर्ट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. देवळाच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकीनं निकाल दिला, "ऱ्हाऊ द्या गं, डोकं तरी झाकलंय."

गावात कारभार सुभेदारांचा. सैन्यातून निवृत्त झालेले, यात्रा कमिटीचे अध्यक्ष, मिशा अजूनही परेडला उभ्या. पूर आला तेव्हा सगळं गाव त्यांनी पलटणीसारखं हलवलं होतं. आधी म्हातारी, मग बायका-पोरं, मग म्हशी. त्यातल्या म्हशींनीच काय ती शिस्त पाळली, असं ते सांगतात. मला ते काम मागायचं असलं की "मॅडम" म्हणायचे आणि हुकूम सोडायचा असला की "सूनबाई". एकाच वाक्यात दोन्हीही यायचं.

"मॅडम, खांबाचं बगा. आन् सूनबाई, च्या घेतल्याशिवाय जायाचं न्हाई."

खांबाचं बघायला आम्ही उसात गेलो. ऊस आडवा, त्यावर गाळाचा थर, आणि मधे आमचे खांब लोळत पडलेले. मूळच्या जागी उभे करायचे, एवढं साधं काम होतं. पण पुरानं बांध मोडले तरी बांधावरची भांडणं शाबूत ठेवली होती. खांब सगळ्यांनाच हवा होता, फक्त शेजाऱ्याच्या रानात.

"मॅडम, खांब हितं नव्हताच मुळी," एक जण म्हणाला. "तकडं व्हता, त्येच्या बांधावर."

"मग हा खड्डा कसला?"

"उंदराचा आसंल."

मुकादमानं त्या खड्ड्यात वाकून बघितलं. तो पुरुषभर खोल होता. "लय मोटा उंदीर हाय गड्या तुमच्याकडं," तो म्हणाला. "आमच्या डोंगरात बिबट्या आसतो, पर आसला उंदीर न्हाई."

सगळे हसले, पण खांब काही हलेना. शेवटी सुभेदारांनी दोन्ही भावकीतल्या तरण्या पोरांना बोलावलं आणि सगळ्यांना एकाच खांबाला लावलं, अर्धे या टोकाला, अर्धे त्या टोकाला. खांद्यावर खांब असताना भांडता येत नाही, कारण श्वास पुरत नाही. दुपारपर्यंत त्या रानातले खांब उंदराच्या बिळात उभे राहिले. असेच पुढचे दिवस गेले. गणपती आले. घराघरांत गाळ होता म्हणून गावानं एकच गणपती शाळेच्या वऱ्हांड्यात बसवला, सगळ्यांचा मिळून. आत्या तिकडं रहिमतपूरला आईच्या गणपतीची आरती म्हणत होत्या आणि मला फोनवर सांगत होत्या, "गनपतीचं काय, पुरुष मानूस, कुटंबी बसतंय. गौर तशी न्हवं."

गौरी यायच्या आदल्या दिवशी तार गावापर्यंत पोचली. मी सुभेदारांना आधीच नीट समजावून सांगितलं होतं. घराघरांतल्या भिंती ओल्या आहेत, बोर्डात पाणी शिरलं आहे. लाईट सोडू तेव्हा प्रत्येक घराचं मेन स्विच बंद पाहिजे. आधी फक्त पाणीपुरवठ्याची मोटर चालू होईल. मग वायरमन घरं तपासतील, आणि तपासलेली आळी तेवढीच जोडायची. सुभेदारांनी टाचा जुळवून सगळं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला.

दिवेलागणीला मी गावात पोचले तर डीपीसमोर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरसमोर, मांडव. डीपीला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, बाजूला हलगी. मुकादमाला फेटा बांधून झाला होता, आणि तो लग्नातल्या करवल्यासारखा लाजत उभा होता. मला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. फेटाही द्यायचा होता, पण तो हेल्मेटवर बसेना आणि हेल्मेट काढायला मी तयार होईना. भाषणं झाली. एक वक्ते वीज या विषयावर इतका वेळ बोलले, की तेवढ्यात उरलेले खांबही उभे राहिले असते. मी घड्याळ बघत होते. शेवटी सुभेदारांनी नारळ फोडला, हलगी कडाडली, मी फोनवर उपकेंद्राला सांगितलं, आणि लाईट सोडली.

सगळं गाव एकदम उजळलं. सगळं म्हणजे सगळं. प्रत्येक घर, गोठा, दुकान, गिरणी, आणि गाळ धुवायला आणून ठेवलेल्या तमाम मोटरी. टाळ्या पडायच्या आत डीपीवर बार उडाला, गौरीच्या आदल्या दिवशी दिवाळी, आणि पुन्हा अंधार. हलगीवाल्याला कळायला थोडा वेळ लागला, तो एकटाच वाजवत राहिला.

कुणीही मेन स्विच बंद केलं नव्हतं. केलं नव्हतं एवढंच नाही, कमिटीनं दवंडी दिल्यासारखं घराघरांत सांगून सगळी बटनं चालू करून ठेवली होती. का, तर लाईट म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मी दाराशी येताना दार लावून बसायचं नसतं. बटन बंद म्हणजे दार बंद. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी बसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता तो.

मला हसू आलं नाही. ओल्या भिंती, सगळ्या घरांत अनवाणी बायका आणि पोरं. फ्यूज वेळेवर उडाला म्हणून बरं, नाहीतर गाळातून वाचलेलं माणूस बटनानं गेलं असतं. मी सुभेदारांवर ओरडले. सगळ्या गावासमोर, शाल अंगावर असताना, सुनेनं गावच्या अध्यक्षांवर. काय बोलले ते आठवत नाही, पण मुकादमानं हळूच फेटा काढून काखेत धरला, एवढं आठवतं. आता मला या गावात पुन्हा चहा मिळणार नाही, असं वाटलं.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "मॅडमचं बरूबर हाय," ते म्हणाले. "चूक कमिटीची. पर म्या सांगतू, बंद करा म्हनून कुनी ऐकायचं न्हाई. लक्ष्मीला न्हाई म्हनायला कुनाचा हात धजंल? त्यापरीस मान लावू."

मान म्हणजे यात्रेतला मान. आमच्या गावची पालखी आळी-आळीनं फिरते आणि कुठली आळी कुणाच्या मागून, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. पालखी आपल्या तोंडाशी आल्याखेरीज कुठलीही आळी नारळ फोडत नाही. यावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत, त्यामुळं हा कायदा सगळ्यांना पाठ आहे. लाईटही तशीच न्यायची. आपला मान येईपर्यंत बटनाला हात लावायचा नाही. यात लक्ष्मीला नकार नाही, फक्त ती अजून आपल्या आळीत पोचलेली नाही, इतकंच.

मी विचार केला. माझ्या आराखड्यात आळ्यांचा क्रम कुठली आळी डीपीच्या जवळ त्यावरून होता. त्यापेक्षा हा क्रम वाईट होता असं मी म्हणू शकत नाही. निदान त्यावरून आधीच मारामाऱ्या होऊन गेलेल्या होत्या, नव्या व्हायच्या नव्हत्या. मी होकार दिला. मग विचारलं, "आमच्या आळीचा मान कितवा?"

सुभेदारांनी नजर वळवली. "तुमचा मान शेवटचा, सूनबाई. तुमच्या आजेसासऱ्याच्या बापानं म्हनं एकदा पालखीला खांदा द्यायला उशीर केलता."

म्हणजे वाहिनीवर शेवटचं गाव, आणि गावात शेवटची आळी. माझ्या सासरच्यांनी जागा निवडताना सातत्य ठेवलं आहे, हे मानलं पाहिजे. जळालेल्या केबलीचं सामान सांगलीहून यायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होतं. त्या रात्री मी आत्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. मला ते "बरं" ओरडण्यापेक्षा जड गेलं.

गौरीच्या दिवशी सकाळी सामान आलं आणि पहिली चालू झाली ती पाण्याची मोटर. टाकी भरली, नळ आले, आणि सगळ्या गावात एकच फडाफड आवाज सुरू झाला, खराट्यांचा. त्याच वेळी आत्या आणि माझी आई टेम्पोतून उतरल्या. आईच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेरडा होता, रहिमतपूरच्या माळावरून पहाटे उपटून आणलेला. इथला तेरडा पुरानं नेला होता, आणि आमच्याकडं गौर तेरड्याचीच असते. विहिणीला एकटीला गाळात पाठवायचं नाही, असं म्हणून आई आली होती. आल्याबरोबर आत्यांनी पदर खोचला आणि आईला कट्ट्यावर बसवलं. "आता तुमी बसायचं, विहीनबाई. ह्ये माजं घर हाय." इतके आठवडे दाबून ठेवलेला सूड होता तो. आई पाच मिनिटं बसली आणि मग खराटा घेऊन आत शिरली. दोघी दुपारपर्यंत शेजारी-शेजारी गाळ ओढत होत्या, आणि कुणी चांगला ओढला यावर एकमेकींकडं चोरून बघत होत्या.

मी डीपीपाशी होते. एकेक आळी तपासून व्हायची, सुभेदार मान पुकारायचे, आम्ही बटनं चालू करायला सांगायचो, आळी उजळायची, नारळ फुटायचा, आणि त्या आळीतल्या गौरी देवळाच्या हापशावरून तांब्यातून घराकडं निघायच्या. कुणीही बटनाला आधी हात लावला नाही, एकाही घरानं नाही. मला राग येईल इतकं ते नीट चाललं होतं. पण वेळ लागत होता. ओली घरं तपासणं म्हणजे घाईचं काम नव्हे. दुपार कलली तसं सुभेदारांनाच माझी दया आली असावी. ते आत्यांना बोलावून घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आवं वैनी, सूनबाईनं गावासाठी लय क्येलं. तुमची आळी आता मधी घेऊ. कुनाची हरकत न्हाई."

खरंच कुणाची हरकत नव्हती. मी आत्यांकडं बघितलं. माझ्या मनात आलं, हो म्हणा. मी म्हणू शकत नाही, तुम्ही म्हणा.

आत्यांचे हात कोपरापर्यंत गाळानं भरले होते. त्या म्हणाल्या, "आमचा मान शेवटचा हाय. गौर इचारंल, कशी आनलीस? काय सांगू, मधी घुसून आनली? न्हाई बाबा. थांबंल ती. आन् सून कामाव हाय तवर आनायची तरी कुनी?"

हा मला न सुचलेला मुद्दा होता. गौर सवाष्णीनं आणायची असते. सासरे गेल्यापासून ते काम माझं. माझी आई सवाष्ण, शेजारच्या दोघी-तिघी सवाष्णी, सगळ्या म्हणाल्या, आम्ही आणतो. आत्यांनी ऐकलं नाही. "घरात सून हाय," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हळूहळू देवळाच्या हापशाजवळ पाटावर एकच तांब्या उरला, त्यात आमचा तेरडा, आणि शेजारी माझी आई शेळ्या हाकलत बसलेली. बाकीच्या गौरी एकेक करून गेल्या. मी खांबाकडं बघत होते आणि मला सारखा तो तांब्या दिसत होता. घाई कर, असं मुकादमाला म्हणायला मन धजेना. तो मात्र न सांगता भरभर हात चालवत होता.

दिवस मावळता मावळता सुभेदारांनी आमचा मान पुकारला. बटनं दाबली गेली. आमच्या आळीत दिवे लागले आणि मी धावत सुटले. आईनं तांब्या माझ्या हातात दिला, कपाळाला कुंकू लावलं, हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं आणि माझ्याच शर्टाच्या बाहीनं माझं तोंड पुसलं. मी गौर घेऊन दाराशी आले.

घर ओळखू येत नव्हतं. भिंतींवर कमरेइतकी ओल होती, पण खालची शहाबादी फरशी दिव्याखाली लखलखत होती. उंबऱ्यापासून देवापर्यंत एक डागही नव्हता. आत्यांनी दिवसभर ती धुतली होती, पुसली होती, पुन्हा धुतली होती. आणि मी खाली बघितलं. माझे पाय गुडघ्यापर्यंत गाळात माखलेले होते. मी मागं सरले. म्हटलं, "आत्या, पाय धुऊन येते."

गौर दाराशी आली की आतल्या बाईनं विचारायचं असतं, कशाच्या पावलानं आली? आणि आणणारीनं सांगायचं, सोन्याच्या पावलानं आली, धनधान्याच्या पावलानं आली. आत्या आतून पुढं आल्या, पण उंबऱ्याच्या आत थांबल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "गौर आली?"

"आली," मी म्हटलं.

"कशाच्या पावलानं आली?"

सोन्याच्या म्हणायला तोंड उघडलं आणि मला माझेच पाय दिसले. आत्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, मग त्या तेरड्याकडं, मग पुन्हा पायांकडं.

"गाळाच्या पावलानं आली," त्या म्हणाल्या. "वटी माजी भरली. चल आत."

मी आत गेले. उंबऱ्यापासून देवापर्यंत, त्या धुतलेल्या फरशीवर, एकेक पाऊल उमटत गेलं. माझी आई फडकं घेऊन मागून वाकली, तेव्हा आत्यांनी तिचा हात धरला.

"पुसू नगा, विहीनबाई. तिचीच हायती."

आणि मग त्या तिथंच खाली बसल्या, त्या पावलांच्या कडेला, आणि मोठ्यानं रडल्या. सासरे गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.